आधी शेडचे छप्पर, मग हिरवा झेंडा

ट्रेन लायटिंगच्या बॅटरी-रूममध्ये ज्यांनी नोकरीची वर्षे काढली, त्या आमच्या बांधवांना हायड्रोजनची ओळख नव्याने करून द्यावी लागणार नाही. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या की सेलमधून बुडबुडे येऊ लागतात. त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो. दारावरची 'विडी-काडी सक्त मना' ही पाटी, भिंतीत वर बसवलेला एक्झॉस्ट पंखा, आधी चार्जर बंद करून मगच क्लिप काढायची ही सवय, या साऱ्या शिस्तीचे कारण तोच वायू आहे. टपाल कचेरीत जिन्याखालच्या कोंदट जागेत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ठेवलेल्या असतात, तिथेही तो असतोच. फक्त तिथे पाटी नसते आणि पंखाही नसतो.

बॅटरी-रूममध्ये नकोसा म्हणून बाहेर घालवला जाणारा हा वायू आता इंधन म्हणून गाडीत भरायचा आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले आणि त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभारावी, असे त्याचे उद्दिष्ट आहे. रेल्वेने हरियाणातील जींद-सोनीपत या ८९ किलोमीटरच्या मार्गासाठी एका डेमू गाडीचे हायड्रोजनवर रूपांतर हाती घेतले आणि जमिनीवरच्या यंत्रणेसह त्याचा खर्च १११ कोटी ८३ लाख रुपये सांगितला. जुलै २०२५ मध्ये चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत या गाडीच्या चालक-डब्याची चाचणी झाली. रस्त्यावरच्या वाहनांसाठी मार्च २०२५ मध्ये ३७ बसगाड्या व ट्रक आणि ९ भरणा केंद्रांचे पथदर्शी प्रकल्प मंजूर झाले. त्यांच्या मार्गांत पुणे-मुंबई आहे. टपालाचे थैलेही त्याच रस्त्याने जातात. डोंगरी व वारसा मार्गांवर ३५ हायड्रोजन गाड्या चालवण्याची जी योजना २०२३ मध्ये मांडली गेली, तिच्यात दार्जिलिंग, कालका-शिमला, निलगिरी यांच्या जोडीला आपले नेरळ-माथेरानही आहे. तेव्हा हा विषय दिल्लीचा किंवा जर्मनीचा आहे असे समजून पान उलटू नये, अशी आमची विनंती आहे.

या विषयावर आमच्या कानी दोन प्रकारचे बोलणे येते. शेडमधले काही जण म्हणतात, ही गाडी नव्हे, बाँब आहे. व्यासपीठावरचे लोक म्हणतात, धुराड्यातून फक्त पाणी निघते, आता चिंता कसली? आमच्या मते दोघेही अर्धेच सांगतात.

बाँबचे बोलणे आधी घेऊ. हायड्रोजनचे नाव निघाले की १९३७ सालच्या 'हिंडेनबर्ग' या जर्मन आकाशनौकेचा दाखला दिला जातो. ६ मे रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे उतरताना ती पेटली आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात तिचा सांगाडा उरला. तिच्यावरील ९७ जणांपैकी ३५ दगावले. जमिनीवर दोर धरायला उभा असलेला एक कामगारही गेला. पण ६२ माणसे वाचली, हे सहसा कुणी सांगत नाही. हवेच्या चौदाव्या हिश्शाइतका हलका असलेला हा वायू जळत वर निघून जातो, हे त्यामागचे एक कारण आहे. स्वयंपाकाचा गॅस गळला तर तो जड असल्याने फरशीवर पसरतो, खड्ड्यात, गटारात साचतो आणि दोन खोल्या पलीकडच्या ठिणगीची वाट पाहतो. पेट्रोल रस्त्यावर सांडते आणि माणसाच्या पायाखाली जळते. उघड्या माळावर गळलेला हायड्रोजन मात्र पाहता पाहता विरतो. त्यामुळे उघड्यावर तो पेट्रोलपेक्षा अधिक घातकच आहे असे म्हणता येणार नाही. हे मान्य करायला आम्हाला संकोच वाटत नाही.

मात्र आपले काम उघड्या माळावर चालत नाही. ते शेडमध्ये, पिट लाइनवर, बोगद्यात, छपराखालच्या फलाटावर आणि बंद गॅरेजात चालते. तिथे हाच गुण उलटतो. वर गेलेला वायू छपराच्या आढ्याशी अडतो. आपल्या शेडचे छप्पर एकदा मान वर करून पाहावे. दिवे तिथे, पंखे तिथे, ओव्हरहेड क्रेनची मोटर आणि तिचे कलेक्टरही तिथेच. विजेच्या मार्गावर गाडीच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असते आणि पेंटोग्राफच्या ठिणग्या आपण रोज पाहतो. डिझेल खाली सांडते, म्हणून डिझेल शेडची सारी रचना जमिनीकडे पाहून झाली. हायड्रोजनच्या शेडची रचना छपराकडे पाहून करावी लागेल. आढ्याला वायू बाहेर जाण्याची वाट हवी, ठिणगी न पडणारे दिवे हवेत आणि वायू ओळखणारी यंत्रे वर बसवलेली हवीत. जुन्या शेडच्या दारावर नवा फलक लावून हे होणार नाही.

या वायूचे आणखी काही गुण कामगाराने तोंडपाठ करावेत असे आहेत. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी तो पेटू शकतो. सी.एन.जी.च्या बाबतीत ही कक्षा साधारण ५ ते १५ टक्के आहे. त्याला पेटायला लागणारी ठिणगी सी.एन.जी.च्या मानाने दहाव्या हिश्शाहूनही लहान असते. कोरड्या हवेत टेरिलिनचा सदरा काढताना जी चरचर होते, तेवढीही पुरते. त्याला वास नसतो. घरगुती गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो, तसा याला देता येत नाही, कारण वासाचे द्रव्य गाडीतील फ्युएल सेल बिघडवते. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. म्हणजे गळती नाकाला कळत नाही आणि आग डोळ्यांना दिसत नाही. जन्मभर नाक-डोळ्यांच्या भरवशावर काम केलेल्या फिटरला हे काम हातातल्या यंत्राच्या भरवशावर करावे लागेल. ते यंत्र चालू आहे की नाही, त्याची तपासणी केव्हा झाली, ते किती जणांमागे एक दिले आहे, हे प्रश्न विचारणे म्हणजे अडवणूक करणे नव्हे.

शिवाय दाब आहे. सी.एन.जी. सुमारे २०० बारने भरतात, तर हायड्रोजन ३५० बारने आणि मोटारीत ७०० बारनेही भरतात. पृथ्वीवरचा हा सर्वांत लहान रेणू पाण्याला किंवा हवेला न सापडणाऱ्या फटीतून निसटतो. काही जातींच्या पोलादात तो शिरतो आणि पोलाद ठिसूळ होते. सांधे, सील, व्हॉल्व्ह, नळ्या यांचे वेळच्या वेळी केलेले काम हीच त्याची सुरक्षितता आहे. हे आम्ही कामगारांचे महत्त्व वाढवण्यासाठी म्हणत नाही, झालेल्या अपघातांची नोंदच तसे सांगते.

१० जून २०१९ रोजी नॉर्वेत, ओस्लोजवळच्या सांद्विका येथे मोटारींना हायड्रोजन भरणाऱ्या केंद्रात स्फोट झाला. सुदैवाने कुणी दगावले नाही. धक्क्याने जवळच्या मोटारीतील एअरबॅग उघडल्या आणि दोघांना दुखापत झाली. तपासात काय निघाले? कुणी काडी ओढली नव्हती. वीजही कोसळली नव्हती. अतिउच्च दाबाच्या टाकीच्या बुचाचे आतले बोल्ट जोडणीच्या वेळी पुरेसे आवळलेले नव्हते. तेथून गळती सुरू झाली, सील हळूहळू झिजले आणि एके दिवशी वायू वाट काढून बाहेर पडला. नॉर्वेसारख्या देशात, जगात नावाजलेल्या यंत्रसामग्रीत, दोष निघाला तो बोल्टच्या टॉर्कमध्ये. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २३ मे रोजी, दक्षिण कोरियात गांगनुंग येथे प्रायोगिक प्रकल्पातील साठवण-टाकी फुटून २ जण ठार आणि ६ जखमी झाले होते. पाण्यापासून वायू तयार करणाऱ्या यंत्रातून मर्यादेपेक्षा जास्त ऑक्सिजन हायड्रोजनच्या टाकीत पोचला होता. वायू किती शुद्ध आहे यावर सतत नजर ठेवणे हे त्या यंत्रावरचे मुख्य काम असते, आणि चूक नेमकी तिथेच झाली.

आता आपल्याकडे हे बोल्ट कोण आवळणार? प्रशिक्षण घेतलेला, पगारपत्रकावर नाव असलेला, पुढच्या वर्षीही त्याच शेडमध्ये असणारा टेक्निशियन, की अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेला आणि बारावा महिना कुठे काढायचा या विवंचनेत असलेला मुलगा? त्या मुलाविषयी आमच्या मनात आकस नाही, तो आमच्याच घरातला आहे. पण ज्या कामात आज ढिला राहिलेला बोल्ट काही वर्षांनी बोलतो, ते काम ज्याला पुढच्या वर्षी इथे राहायचे आहे त्याच्याच हाती असले पाहिजे. साठ्याला व सिलिंडरांना मंजुरी देणारी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना म्हणजे पेसो, तिचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तिचा शिक्का टाकीवर बसतो. बोल्ट पुन्हा उघडून लावणाऱ्या हातावर कुणाचा शिक्का आहे, हा प्रश्न संघटनेनेच विचारायचा असतो.

ही झाली सुरक्षिततेची बाजू. व्यवहाराची बाजू आमच्या मते अधिक कच्ची आहे.

हायड्रोजन खाणीतून काढून लगेच वापरावा असे आज इंधनाच्या प्रमाणात कुठे होत नाही. तो तयार करावा लागतो. वीज वापरून पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. जींद येथे योजलेले यंत्र १ मेगावॉटचे आहे आणि ते अहोरात्र चालून दिवसाला सुमारे ४३० किलो वायू देईल असे सांगण्यात आले. म्हणजे २४ हजार युनिटांत ४३० किलो, किलोमागे ५५ युनिटांच्या थोडे वरच. त्या एका किलोत ऊर्जा उरते ३३ युनिटांची. दाबून भरताना काही जाते ते वेगळेच. गाडीतील फ्युएल सेल त्यातून १६-१७ युनिट वीज परत देतो आणि चाकापर्यंत पोचतात पंधराच्या आसपास. तीच ५५ युनिटे सबस्टेशनमधून तारेत सोडली आणि पेंटोग्राफने उचलली, तर चाळिसाहून अधिक युनिटे चाकाला मिळतात. हे गणित सातवीतल्या मुलाला येते. विजेपासून वायू आणि वायूपासून पुन्हा वीज, हा द्राविडी प्राणायाम जिथे तारच नेता येत नाही तिथे समजू शकतो.

आणि आपल्याकडे तार आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासून शंभर वर्षांत आपल्याच लोकांनी खांब रोवले, तारा ओढल्या, ब्लॉक घेऊन भर उन्हात टॉवर वॅगनवर उभे राहिले. आज ब्रॉडगेजचे जवळजवळ सर्व जाळे विजेवर आले आहे. हरियाणातील ब्रॉडगेज शंभर टक्के विद्युतीकृत झाल्याचे रेल्वेने २०२३ मध्येच जाहीर केले होते, आणि जींद-सोनीपत हरियाणातच आहे. डोक्यावर तार असलेल्या मार्गावर, त्याच विजेपासून वायू करून गाडी चालवायची! तंत्र शिकण्यासाठी हा प्रयोग आहे, असे रेल्वेचे म्हणणे आहे आणि शिकण्याला आमचा विरोध नाही. चालवण्याचा खर्च सुरुवातीला जास्त येईल हे रेल्वेनेच मान्य केले आहे. तेव्हा प्रयोगाला प्रयोगच म्हणावे, क्रांती म्हणू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

हवेच्या शुद्धतेबद्दलही हिशेब मांडून पाहावा. जी वीज वापरायची तीच कोळशाची असेल तर काय होईल? आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे एक किलो हायड्रोजनमागे ३८ किलोच्या आसपास. तेवढेच काम डिझेल डेमूने करायला आमच्या ढोबळ हिशेबाने पाच लिटर डिझेल लागेल आणि त्यातून १३-१४ किलो कर्बवायू निघेल. धुराड्यातून पाणी गळताना प्रवाशांना दिसेल, पण चिमणी कोराडीला किंवा चंद्रपूरला धूर ओकत असेल. वीज खरोखर सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तरच 'हरित' या शब्दाला अर्थ आहे, आणि तेव्हाही ती थेट तारेत घातली तर तिप्पट गाड्या ओढील.

परदेशाचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी प्रांतात सप्टेंबर २०१८ मध्ये जगातील पहिल्या हायड्रोजन प्रवासी गाड्या नियमित सेवेत आल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील एका मार्गासाठी अशा १४ गाड्यांचा ताफा ९ कोटी ३० लाख युरो खर्चून उभा राहिला. जगभरच्या वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली. पुढच्याच वर्षी त्याच प्रांताच्या परिवहन संस्थेने जाहीर केले, की यापुढे डिझेलच्या जागी बॅटरीच्या गाड्या घेऊ, त्या चालवायला स्वस्त पडतात. ही दुसरी बातमी आपल्याकडे फारशी कुणी छापली नाही. फ्रँकफर्टच्या परिसरात डिसेंबर २०२२ पासून आणलेल्या २७ गाड्यांच्या ताफ्याने पहिल्या वर्षात इतका त्रास दिला, की प्रवाशांना बसगाड्यांत बसवावे लागले. फ्रान्समधील माँपेलिए शहराने ५१ हायड्रोजन बसगाड्यांची मागणी जानेवारी २०२२ मध्ये सोडून दिली, कारण विजेच्या बसपेक्षा चालवण्याचा खर्च सहापट येत होता.

वाहतुकीचा प्रश्नही साधा नाही. दाबलेला हायड्रोजन वाहणारा चाळीस टनी ट्रेलर प्रत्यक्षात तीन-चारशे किलो वायू नेतो. बाकी सारे वजन पोलादाचे. पाच-साडेपाच किलो वायूसाठी मोटारीत शंभरेक किलोची टाकी वागवावी लागते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे जुनी माणसे म्हणत, ते इथे लागू पडते. शहरातल्या शहरात थैले वाहणाऱ्या टपालाच्या मोटारीला दिवसाकाठी जे अंतर कापायचे असते, ते साधी बॅटरी निभावून नेते. रात्री गाडी उभी असते, तेव्हा चार्ज होते. तिच्यासाठी हायड्रोजनचा पंप उभारण्याची गरज आम्हाला दिसत नाही. लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकांची गोष्ट निराळी असू शकते, तेथील प्रयोगांचे आकडे येऊ द्यावेत.

मग हायड्रोजन टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. आपल्या देशात दरसाल सुमारे ५० ते ६० लाख टन हायड्रोजन आजही वापरला जातो, तो तेलशुद्धीकरणात आणि खतासाठी लागणाऱ्या अमोनियात. तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायूपासून काढतात आणि किलोमागे ९-१० किलो कर्बवायू हवेत सोडतात. ट्रॉम्बे-माहुलच्या पट्ट्यातील कामगार हा वायू कित्येक वर्षे हाताळत आहेत. तेथे दुसरा पर्याय नाही, आणि हरित हायड्रोजन आधी तिथे गेला तर त्याचे चीज होईल. शिवाय सुरक्षितपणे काम कसे करावे हे शिकायला रेल्वेच्या माणसांना जर्मनीला जायची गरज नाही, चेंबूरपर्यंतची लोकल पुरे.

आता माथेरान. १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी गेजची २१ किलोमीटरची लाइन. २०१९ च्या पावसात मार्ग वाहून गेला, आणि नेरळहून माथेरानपर्यंत गाडी पुन्हा जायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. एरवीही पावसाळ्याचे महिने नेरळ ते अमन लॉज सेवा बंदच असते. वारसा मार्गांच्या योजनेत एका गाडीला ८० कोटी आणि एका मार्गाच्या जमिनीवरील यंत्रणेला ७० कोटी रुपये असा अंदाज दिलेला आहे. ७० कोटींत त्या घाटात किती गटारे, किती संरक्षक भिंती, किती गँगमन येतील, याचा हिशेब नेरळच्या पी-वे इन्स्पेक्टरने कागदाच्या पाठीवर करून द्यावा, आम्ही तो याच पानावर छापू. कालका-शिमल्यावर तर १०२ बोगदे आहेत. उघड्यावर वर उडून जाणारा वायू बोगद्यात कुठे जाणार, याचे उत्तर गाडी मागवण्याआधी लेखी मिळाले पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे असे. ज्या विभागात हायड्रोजनची गाडी, बस किंवा भरणा केंद्र येऊ घातले असेल, तेथील शाखांनी उद्घाटनाच्या तारखेची वाट पाहू नये. रेल्वेतील शाखांनी पी.एन.एम.मध्ये आणि टपालातील शाखांनी जे.सी.एम.मध्ये हा विषय आजच कार्यक्रमपत्रिकेवर घालावा. शेडच्या छपराचा व वायुवीजनाचा आराखडा कामगार-प्रतिनिधींना दाखवला आहे काय? गळती ओळखणारी आणि न दिसणारी ज्योत दाखवणारी यंत्रे किती जणांमागे किती? उच्च दाबाच्या जोडकामावर कायम कर्मचारी नेमले आहेत की कंत्राटी? प्रत्येक जोडणीच्या टॉर्कची नोंदवही कोण भरतो आणि सही कोण करतो? डिझेल शेडमधील कोणाला, कुठे, किती दिवसांचे प्रशिक्षण दिले? लोको पायलट, ट्रेन मॅनेजर आणि स्टेशन मास्तर यांना गळतीच्या वेळी काय करायचे याचा मराठीत छापलेला कागद मिळाला आहे काय? जवळच्या अग्निशमन केंद्राला कळवले आहे काय? आणि तंत्र बदलल्यामुळे ज्यांची पदे अतिरिक्त ठरतील, त्यांना कोणत्या कामावर घेणार?

मिळालेली उत्तरे, आणि जिथे उत्तर नाकारले गेले तिथे त्या बैठकीची तारीख, शाखांनी आमच्याकडे पाठवावी. बॅटरी-रूममधला पंखा बंद असेल तर तेही कळवावे.